दोन खुर्च्यांचं टेबल

मित्रांनो, लाकडाला कान असतात का, असं कुणी विचारलं तर खुशाल हो म्हणा. माझा सगळा जन्म ऐकण्यात गेला. एका वर्तमानपत्राच्या कचेरीसाठी मुद्दाम बनवून घेतलेलं मी एक टेबल आहे. आता माझे कोपरे झिजले आहेत आणि रंग उडाला आहे, पण ऐकलेलं मी काही विसरलेलं नाही.

मला घडवताना सुतार पार वैतागला होता. माझी एक बाजू सपाट हवी होती आणि समोरची बाजू शाळेतल्या बाकासारखी उतरती. "हे ना धड टेबल, ना धड बाक! कुणाच्या डोक्यातून निघालं हे?" असं तो दिवसभर पुटपुटत होता. तोंडाने कुरकुर चालली असली तरी हाताने त्याने काम चोख केलं. माझे पाय त्याने असे पक्के बसवले की माझ्यावर कुणी कितीही रेललं तरी ते कधी कुरकुरले नाहीत.

माझ्या सपाट बाजूला मास्तर बसत. त्यांनी आयुष्यात कधी कुणाला शिकवलं नव्हतं, पण आवाज असा खणखणीत की सगळी कचेरी त्यांना मास्तरच म्हणे. उतरत्या बाजूला ताई बसत. मास्तरांच्या हातात बातमीचा मूळ कागद असे आणि ताईंच्या हातात प्रूफ, म्हणजे छपाईच्या आधीचा कच्चा कागद. मास्तर मोठ्याने वाचत आणि ताई लाल पेन घेऊन शब्द न् शब्द ताडून बघत. वाक्य संपलं की मास्तर बोटाच्या पेराने माझ्यावर टक् करत. परिच्छेद संपला की तळहाताने थाप मारत. त्या थापांनी माझ्या अंगावर एक खळगा पडला आहे. मला त्याचा अभिमान वाटतो.

मास्तर सगळं एकाच सुरात वाचत. मंत्र्याचं भाषण असो, हरवलेल्या मांजराची जाहिरात असो किंवा उद्याचं हवामान असो, त्यांच्या आवाजात फरक पडत नसे. कधी आवाज बसला तर ताई लगेच चिडवत, "अहो मास्तर, आज डबा आणला नाही वाटतं. आवाज नुसता पोटातून येतोय."

"तुमचं लक्ष कागदावर ठेवा हो," मास्तर म्हणत, "माझ्या पोटाचं मी बघतो."

या दोघांचा एक नियम होता. पानावर माणसाचा फोटो असला की मास्तर त्याच्याखालचं नाव आणि मजकूर वाचत आणि ताई त्या चेहऱ्यावर बोट ठेवून "हो" म्हणत. फोटोत दहा माणसं असली तरी दहाही चेहऱ्यांवर बोट फिरे. बोट न ठेवता एकही चेहरा छापायला जात नसे. नवे लोक या प्रकाराला हसत. ताई म्हणत, "हसा. पण ज्याचा चेहरा असतो ना, त्याला उद्या त्याच चेहऱ्याने रस्त्यावर फिरायचं असतं."

तरीही चूक व्हायची, मित्रांनो. नाही म्हणणार नाही. मग सकाळी वाचकांचे फोन खणखणत. कुणी शाळेतल्या बाईंसारखं झापत असे, कुणी नुसतं "शोभतं का हे तुम्हाला?" एवढंच विचारत असे. ताईंचा चेहरा दिवसभर पडलेला राही.

पुढे संगणक आले. संगणकाशी माझं वैर नाही. बिचारा सांगितलेलं काम करतो. पण संपादकांना वाटलं, आता यंत्रच चुका पकडेल, मग दोन माणसं समोरासमोर बसवायची कशाला? मास्तर निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर कुणीच आलं नाही. ताईंना जाहिरात खात्यात फोन घ्यायला बसवलं. माझी रवानगी दाराजवळच्या भिंतीकडे झाली आणि माझ्या डोक्यावर कॉफीचं यंत्र आलं. ज्या अंगावर शब्द पडायचे, त्या अंगावर आता कॉफी सांडू लागली.

पानात चुका वाढल्या. वाचक आधी रागावले, मग हसू लागले, मग तेही थांबले. फोन येईनासे झाले. कचेरीत सगळ्यांना हायसं वाटलं. मला मात्र धस्स झालं. लोक रागावत होते तोवर त्यांना आपल्याकडून काहीतरी अपेक्षा होती.

एके दिवशी दुपारी एक बाई आत आली. तिने कॉफीच्या यंत्राशेजारच्या रिकाम्या जागेत त्या दिवसाचा अंक पसरला.

"हा फोटो माझा आहे," ती म्हणाली. "खालचं माझं नाही."

पान लावणारे उपसंपादक धावत आले. ते बिचारे एकटे तिघांचं काम ओढत होते. त्यांनी पान बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. झालं होतं असं, की ते कालच्याच पानाची नक्कल घेत आणि त्यावर आजचा मजकूर टाकत. या बाईचं घरगुती पाळणाघर होतं. त्याचं कौतुक करणारा मजकूर त्या दिवशी आला होता. पण काल त्याच जागी एका चोर बाईचा फोटो होता. फोटो बदलला आणि खालची ओळ तशीच राहिली. हसऱ्या चेहऱ्याच्या पाळणाघरवाल्या बाईखाली छापलं होतं, 'लहान मुलांच्या अंगावरचे दागिने लांबवणारी महिला अखेर अटकेत.'

"सकाळपासून एकही मूल आलं नाही," ती म्हणाली. "एका बाईने तर दारातूनच पोराची गादी मागून नेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

संपादक बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. "माफ करा, बाई. होतं कधी कधी असं. उद्या आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा देतो."

"फोटो एवढा मोठा, आणि खुलासा चार ओळींचा?" तिचा आवाज चिरकला. "तो कोण शोधत बसणार आहे?"

तेवढ्यात जाहिरात खात्यातून ताई उठून आल्या. "साहेब, फोटो जिथं होता तिथंच द्या. तेवढाच मोठा."

"ताई, तिथं उद्या फर्निचरवाल्यांची जाहिरात आहे."

"माहितेय मला. मीच घेतलीय ती. परवावर ढकलते, त्यांचं काही बिघडत नाही. हिचं मात्र बिघडतंय."

संपादकांनी पसरलेलं पान पुन्हा एकदा बघितलं. मग हळूच म्हणाले, "द्या तिथंच."

ताईंनी कॉफीचं यंत्र स्वतःच्या हाताने उचलून खिडकीत ठेवलं. मला पुसलं. मास्तरांच्या जागी त्या बाईला बसवलं. खुलाशाचं प्रूफ आल्यावर म्हणाल्या, "तुम्ही मूळ कागद वाचा, मी ताडून बघते. सावकाश वाचा, घाई नाही."

ती वाचू लागली. स्वतःचं नाव आलं तिथं तिचा आवाज थांबला. उपसंपादक मान खाली घालून उभे होते. ताईंनी लाल पेन पुन्हा पहिल्या ओळीवर आणून ठेवलं. मग तिने परत पहिल्यापासून वाचलं, शेवटपर्यंत वाचलं. ताईंनी फोटोवर बोट ठेवून विचारलं, "ह्या तुम्हीच ना?"

"हो. मीच," ती म्हणाली आणि डोळे पुसले. त्या क्षणी मला माझं जुनं काम परत मिळाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी खुलासा बिनचूक छापून आला.

काही महिन्यांनी कचेरी लहान जागेत हलली आणि जुनं सामान काढून टाकायचं ठरलं. ताईंनी त्या बाईला फोन केला. "मुलांना चित्रं काढायला टेबल हवंय का?" असं विचारलं आणि तिने मला घरी आणलं. आता माझ्या उतरत्या बाजूवर दोन मुली मजेत रंग फासतात.

मित्रांनो, एक सांगणं आहे. कुणाचं नाव, कुणाचा चेहरा तुमच्या हातून चार लोकांपुढे जाणार असेल, तर आधी कुणालातरी समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवा. आणि वर्तमानपत्रात चूक दिसली तर हसून पान उलटू नका. फोन करा. चांगलं खडसावून विचारा. चूक कुणावर पडली आहे, ते हसणाऱ्याला दिसत नसतं.

परवा ताई इथं आल्या होत्या. माझ्यावरून हात फिरवत त्यांनी सहज विचारलं, "अगं, एवढं मोठं टेबल तुझ्या या खोलीत मावलं तरी कसं?"

बाईने भिंतीशी रचून ठेवलेल्या छोट्या छोट्या गाद्यांकडे बघितलं. "खुलासा सगळ्यांनी नाही ना वाचला, ताई," ती म्हणाली. "जागा झाली."