वाटणीत आलेली डाखाची सळई

मी एक जुनी डाखाची सळई आहे. दांडा लोखंडाचा, चोच तांब्याची. निखाऱ्यात तापायचं आणि फुटक्या भांड्यावर कथील वितळवून भोक बुजवायचं, एवढंच माझं काम. मित्रांनो, जोडणं माझ्या नशिबी आलं. पण मी जिथं जन्म काढला ते घर मात्र फोडण्यात पटाईत!

नगरचा म्हातारा कारागीर वारला आणि दोन मुलांनी वाटणी केली. मी थोरल्या गहिनीनाथाला, भाता धाकट्या भीमाला. भात्याविना मी थंडगार, माझ्याविना भाता म्हणजे नुसता वारा. हे शेळीलाही कळलं असतं. भावांनी मध्ये भिंत घातली आणि बोलणं तोडलं; उरले ते टोमणे.

सेहेचाळीस साली, लढाई संपल्यावर, छावणीच्या लिलावातली स्टीलची भांडी गावात आली. चकचकीत आणि माणसांइतकीच घमेंडखोर. अळवाच्या पानावरून पाणी घरंगळावं तसा त्यांच्यावरून डाख घरंगळायचा. गहिनीनाथानं युक्ती शोधली. जागा रेतीच्या कागदानं खरवडायची, तेजाबात जस्त विरघळवून ते लावायचं, मग डाख द्यायचा. डाख बसला! पण युक्ती भीमाला कळेल म्हणून त्यानं दार लावलं, खिडकीत पोतं कोंबलं. भाता नव्हता, म्हणून बायको मनकर्णा फुंकणीनं निखारे फुलवायची. फुंकायच्या आधी श्वास आत घ्यावा लागतो, मित्रांनो. आणि खोलीत होता तो तेजाबाचा धूर.

"आवो, छातीत आग पडतीया. दार तरी उघडा."

"आन् त्या चोराला दावू? फुंक गुमान!"

भिंतीपलीकडून भीमा खिजवायचा, "काय रं दादा, भूत जाळतुयास व्हय?"

"तुलाच जाळीन येक दिस!"

एका दुपारी मनकर्णा खोकता खोकता कलंडली. फुंकणी एकीकडे, ती एकीकडे. गहिनीनाथानं आधी तेजाबाची बाटली सावरली, मग बायको. ते मी पाहिलं, आणि अजून विसरले नाही.

दुसऱ्या सकाळी तिनं मला उचललं, बाटली आणि भांडं घेतलं आणि सरळ भीमाच्या अंगणात गेली.

"भावजी, भाता लावा."

"दादानं धाडलं का, वैनी?"

"न्हाई. माजी मी आली. तुमच्या दादाचं ते गुपित उघड्यावर बघा. न्हाईतर माज्या दहाव्याला तरी दोघं येका जागी बसालच."

भीमा भात्यावर बसला. गहिनीनाथ शिव्या देत आला, तर तिनं मला त्याच्या हातात कोंबलं.

"वारं पाठीकडनं घ्या, डाख द्या, मग सोड्याच्या पान्यानं धुवा. मी आता फुंकायची न्हाई." आणि ती चार हात लांब जाऊन बसली.

त्यानंतर दोघे भाऊ कैक वर्षं पाठीला पाठ लावून काम करत राहिले. शब्द नाही. आच कमी पडली की गहिनीनाथ मला दगडावर दोनदा आपटायचा, भीमा भाता ओढायचा. त्यांचं बोलणं तेवढंच.

आता मी कोनाड्यात गंजते आहे. मित्रांनो, घरी डाख द्यायचा तर अंगणात द्या, दारं सताड उघडी ठेवा. भांडण खुशाल कोंडून ठेवा, पण माणसाला त्याच्यासोबत कोंडू नका. मनकर्णेचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. मी हजार भांडी जोडली असतील; छातीला मात्र डाख बसत नाही.