फक्त बिघाड झाल्यास

छापखान्यातले सगळे कॉम्प्युटर ज्याच्या गळ्यात पडले होते, त्या माणसाला रोज सकाळी मेल यायचा: अपडेट आपोआप झालं, सगळं ठीक आहे. रोज तेच तुणतुणं! शेवटी वैतागून त्याने सेटिंगमध्ये ‘फक्त बिघाड झाल्यास कळवा’ हा पर्याय निवडला. मेल बंद झाले आणि गडी निर्धास्त झाला.

आज ऐन कामाच्या गर्दीत मुख्य कॉम्प्युटरने मान टाकली. उघडून बघतो तर काय, कित्येक महिन्यांत एकही अपडेट झालेलं नव्हतं. कॉम्प्युटर बिचारा दर वेळी कळवायला बघत होता. पण ज्या खात्यावरून हे मेल जायचे, त्याचा पासवर्ड मध्यंतरी या पठ्ठ्यानेच बदलला होता आणि कॉम्प्युटरमध्ये नवा टाकायचा राहून गेला होता. न गेलेल्या मेलांचा आत नुसता ढीग साचला होता.

“पासवर्ड बदलल्यावर एखादा मेल पाठवून बघायला काय झालं होतं?” मालकीणबाई एवढंच म्हणाल्या.

त्याला मात्र वेगळंच काहीतरी आठवलं. गावाकडे एकट्या राहणाऱ्या आईचाही पूर्वी रोज फोन यायचा. जेवलास का, झोप झाली का. तिच्यावरही तो एकदा असाच खेकसला होता, “रोज काय तेच तेच! काही बिघडलं तरच फोन करत जा.” तेव्हापासून तिचा एकही फोन आला नव्हता.

त्याने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. घंटा वाजत राहिली. शेवटी आईने उचलला.

“काय रे, काय बिघडलं?”