लंकाबाईचं गाव

बहात्तर साली मी नगरजवळच्या औद्योगिक वसाहतीत स्टोअरकीपर म्हणून लागलो. वसाहत कसली, डोंबल! पत्र्याच्या शेड, तारेची कुंपणं आणि धूळ. पाच वाजले की कामगार सायकलींवरून शहराकडे निघून जायचे. मागे उरायचो मी, गोदामाला लागून मिळालेली एक खोली आणि गेटवरचा ठार बहिरा वॉचमन.

माझी बायको चांगुणा तिथं अकरा दिवस राहिली. बाराव्या दिवशी ट्रंक भरून म्हणाली, "तुमी गोदामात, मी दिवसभर भिंतीसंगं बोलते. येड लागंल मला. बोलायला एक बाई असंल अशी जागा बघा, मग बोलवा." आणि कोल्हारला घरी निघून गेली. मला असा राग आला म्हणता! पण महिनाभरात मीही जेवताना ताटाशी बोलायला लागलो, तेव्हा राग जिरला.

सुट्टी गुरुवारी. दर गुरुवारी मी पायी निघायचो. जवळच्या गावात खोली मागून पाहिली. कंपनीचा परका माणूस म्हटल्यावर कोणी दाद देईना. मग माळामाळानं हिंडलो. बंद पडलेली वीटभट्टी सापडली, कोरडा ओढा सापडला, शेंदूर वाळून गेलेला म्हसोबा सापडला. माणूस सापडेना.

दिवाळीनंतर एका गुरुवारी मात्र अर्ध्या तासावर, टेकडीमागं, वीसेक झोपड्या दिसल्या. रस्त्याचं काम चाललं असावं, खडीचे ढीग पडलेले. बायामाणसं पलीकडं कामात होती. एका झोपडीपाशी पाय सुजलेली एक बाई पाचसहा तान्ही पोरं सांभाळत बसली होती. नाव लंकाबाई. तिनं पाणी दिलं आणि मी तासभर बोलत बसलो. काय बोललो देव जाणे. नोकरीचं, कोल्हारच्या उसाचं, चांगुणाचं सगळं सांगून टाकलं.

"आना की ताईला," लंकाबाई म्हणाली. "सकाळी हिकडं सोडा, सांजच्याला घेऊन जा. म्या तर दिसभर हितंच असती."

"गाव कोणतं तुमचं?" निघताना मी विचारलं.

"कर्जतकडचं."

बाईला गाव विचारलं की ती माहेर सांगते, हे आमच्याकडं पोरालाही ठाऊक. मी मान डोलावली आणि त्याच दिवशी कोल्हारला पत्र टाकलं.

चांगुणा पुढच्या पंधरवड्यात आली. ट्रंक खोलीत ठेवली न ठेवली तोच मी तिला टेकडीकडं चालवत नेलं. वाटेनं लंकाबाईचं कौतुक चालूच होतं माझं. टेकडी ओलांडली. एकही झोपडी नव्हती. चुलींचे दगड, राख आणि मोजून ठेवलेली खडी.

मेंढरं वळणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "दुष्काळी कामावरची मानसं ती. कर्जतकडची. हितलं काम सपलं, मंगळवारी ट्रकात घालून दुसऱ्या कामावर न्हेली."

आम्ही पाटाच्या पाण्यावर वाढलेली माणसं. कर्जतकडं तिचं माहेर नव्हे, घरच असेल आणि घरदार सोडून कोणी खडी फोडायला येऊन राहतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी चांगुणाला म्हणालो, "मी नीट विचारायला पाहिजे होतं."

ती चुलीच्या दगडाशी उभी होती. म्हणाली, "कसं विचारणार? तुमालाच बोलायला मानूस भेटलं व्हतं."

खरं होतं ते. तासभरात मी त्या बाईला एक शब्द नीट बोलू दिला नव्हता.

"राहशील का गं तरी?" मी विचारलं. त्या वेळी मला तिची फार गरज होती, आणि तेही मी बोलून दाखवलं.

तिचे डोळे भरले. "रागावले न्हाई मी. पन माज्यानं न्हाई व्हायचं."

कोल्हारवरून जाणाऱ्या दुपारच्या मनमाड एस.टी.च्या टपावर मी ट्रंक चढवली. गाडीत गर्दी होती. चांगुणाला खिडकीशी जागा मिळाली. शेजारच्या बाईनं मांडीवरचं पोर सावरत तिला काहीतरी विचारलं, तिनं वळून उत्तर दिलं. गाडी सुटायच्या आतच दोघींचं बोलणं रंगलं होतं. चांगुणा हसलीसुद्धा. मी खिडकीखाली उभा होतो.