पडणारं माणूस

नूतनला कंपनीने उचललं ते कबड्डीच्या मैदानावरून. पेणच्या खाडीकडच्या गावात सामने होते. चौघींनी मिळून तिला आपटलं आणि ती हसत उठली. धनेशने ते पाहिलं. धनेश म्हणजे कुस्तीचे खेळ लावणाऱ्या 'कोकण दंगल' कंपनीचा जोड लावणारा. कोणाची कुस्ती कोणाशी, कोणत्या डावावर कोण चीत, हे आधी ठरवायचं काम त्याचं. जत्रेच्या आखाड्यात जोड लावतात ती कोण जिंकेल ते बघायला. इथे जोड लागायची ती ठरलेलं लोकांना खरं वाटावं म्हणून.

"तुला पडता येतं," धनेश तेव्हा म्हणाला होता. नूतनला ते कौतुक वाटलं. होतंही ते कौतुकच, पण त्या कौतुकानेच तिचा घात केला.

कंपनीचा मालक सुजयशेठ माणसं निवडायचा ती मोबाइलवर. ज्याच्यामागे लाखभर लोक, त्याला झकास नाव, त्याला गाणं, त्याला जिंकणाऱ्याचा पट्टा. हरणारे काय, मिळतील तिथून उचलायचे. मृणाली अशीच पनवेलच्या जिममधून आली आणि आल्या आल्या 'बिजली' झाली. नूतन मात्र तीन वर्षं नुसती 'पेणची नूतन' राहिली. हरणाऱ्याला नाव कशाला, असं शेठचं म्हणणं. असल्या अकलेवर धंदा चालत होता, ही त्या पडणाऱ्यांचीच पुण्याई.

आणि नूतन पडायची तरी कशी! बिजलीने खांदा लावायचा अवकाश, ही हवेत उडून पाठीवर अशी यायची की पुढच्या रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. लोक बिजलीच्या ताकदीला टाळ्या वाजवत घरी जायचे. शेठ खूश व्हायचा आणि पुढच्या खेळाला नूतनच्या नशिबी पुन्हा पडणंच यायचं. इतकं चांगलं पडणाऱ्या माणसाला जिंकवायचा वेडेपणा कोण करणार?

तिने तेही सोसलं असतं. पण आई खेळ बघायला येत नव्हती.

तिची आई, मालू, मिठागरावर कामाला जायची. गावातल्या कोणीतरी तिला येऊन सांगितलं होतं, तुझी पोर लय मार खाते. तेव्हापासून आईने एकच धरून ठेवलं होतं. "तुला मारताना मला नाय बघवनार गो. जिंकशील तवा सांग, येईन मी."

"लागत नाय आई, खाली गादी असते," नूतन म्हणायची. यापुढे काही सांगायची सोय नव्हती. खेळ ठरलेला असतो हे घरीसुद्धा बोलायचं नाही, असं कंपनीने प्रत्येकाकडून वदवून घेतलं होतं. मग दर खेळाच्या दिवशी आई डब्यात भाकरी आणि सुका जवळा भरून द्यायची आणि विचारायची, "आज जिंकशील?" नूतनला उत्तर ठाऊक असायचं. ती म्हणायची, "बघू."

त्या 'बघू'ने तिला आतून पोखरलं. कबड्डी खेळायची तेव्हा आई कामावरून तशीच यायची, पायाला मिठागराचा चिखल, आणि मैदानाच्या दोरीला धरून ओरडायची. आता एवढ्या गर्दीसमोर नूतन पडायची आणि डोळे उघडले की आधी दोरीकडे बघायची. आई नसायची. तिला पट्ट्याची हाव नव्हती, नावाचीही नव्हती. त्या गर्दीत आईचा चेहरा दिसावा, बस. त्यासाठी एकदा जिंकायला हवं होतं, आणि ते तर धनेशच्या हातात होतं.

मग रोह्याचा मोठा खेळ आला, वरसेच्या मैदानावर. त्याच सुमारास मृणालीला कुठल्याशा मालिकेत काम मिळालं. महिनाभर ती नसणार होती. तेवढे दिवस पट्टा कोणाच्या तरी कमरेला ठेवायला हवा होता.

"तूच घे," सरावाच्या गोदामात धनेश म्हणाला. "पुढच्या महिन्यात खांब गावच्या खेळात तिला परत द्यायचा."

"म्हणजे मी जिंकणार?"

"मग पट्टा काय पोस्टाने पाठवू?"

पडत्या फळाची आज्ञा. नूतनने त्याच संध्याकाळी घरी सांगून टाकलं, "आई, ह्या वेळेला ये. मी जिंकनार."

आईने विचारलं नाही की तुला कसं माहीत. तिने ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं.

सरावात मात्र नूतनला भलतंच दिसलं. मृणालीला पडता येत नव्हतं. कधी पडायची वेळच आली नव्हती, तर शिकवणार कोण? नूतन तिला सांगत राहिली, हनुवटी छातीला लाव, श्वास सोड, तळहात आपट. मृणाली वाईट नव्हती. प्रयत्न करायची, पण ऐन वेळी घाबरून आधी हात टेकायची आणि मग हळूच आडवी व्हायची.

"तू हे इतकी वर्षं करतेस?" एकदा तिने विचारलं. "मला वाटायचं मीच तुला फेकते."

नूतन हसली. इतक्या वर्षांत तिला हे कोणी म्हटलं नव्हतं.

खेळाच्या दिवशी वरसेचं मैदान भरून गेलं. दुसऱ्या रांगेत हिरवं लुगडं दिसलं आणि नूतनच्या अंगात कबड्डीचा जुना दम आला. तिने बिजलीला असं उचललं की लोक खुर्च्यांवरून उठले. कंबर धरली, फिरवली, फेकली.

मृणालीने हात टेकले, बूड टेकलं आणि मग अंथरुणावर पडावं तशी पडली.

नूतनने तिला दाबून धरलं. पंचाने गादीवर हात आपटून तीन मोजले. मागून कोणीतरी ओरडलं, "नुरा!" ठरवून केलेल्या कुस्तीला दिलेली ही शिवी. मग सगळं मैदान हसत तेच ओरडायला लागलं. तीन वर्षं ठरवून केलेल्या कुस्त्यांना टाळ्या वाजवणारे हेच लोक. आईला आपणच बोलावलं, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, नूतनला वाटलं. पंचाने तिचा हात वर केला. दुसऱ्या रांगेत एकटी आई उभी राहून टाळ्या वाजवत होती, आजूबाजूला बघत, जरा गोंधळून.

पडद्यामागे नूतन धनेशवर तुटून पडली. "तिला पडायला शिकवायचं तरी आधी! मला जिंकवायला माझ्यासारखी पडणारी आणायचीस."

"तुझ्यासारखी दुसरी असती," धनेश खाली बघत म्हणाला, "तर तुला तीन वर्षं पडत ठेवली असती काय?"

मृणालीने भरल्या डोळ्यांनी पाणी पुढे केलं. नूतनने ते घेतलं.

रोह्याच्या स्टँडवर पेणच्या गाडीची वाट बघत मायलेकी बाकावर बसल्या.

"जिंकलीस," आई म्हणाली.

"व्हय."

"मग लोक हसले का गो?"

खोटं बोलायला नूतनमध्ये त्राण उरलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं. जोड कशी लागते, कोण जिंकणार हे आधी कसं ठरतं, पडणाऱ्यामुळे जिंकणारा कसा मोठा दिसतो. आई ऐकत राहिली.

"मंजी इतकी वर्षं तू मुद्दाम हरत व्हतीस."

"व्हय."

"आनी लागायचं पन नाय." आईने सुटल्यासारखा श्वास सोडला. "मी उगाच जीव टांगून बसायची."

इथे नूतन गप्प बसली असती तरी चाललं असतं. आईचा जीव शांत झाला असता. पण तीन वर्षं जे कोणी पाहावं म्हणून ती तळमळत होती ते जिंकणं नव्हतंच, पडणं होतं, हे तिला वरसेच्या मैदानावर कळून चुकलं होतं.

"हरायचं खोटं असतं आई. पडायचं खोटं नाय करता येत. लागतं. दर खेळाला लागतं."

आईने तिच्याकडे पाहिलं. "कुठं?"

नूतनने आईचा मिठाने चिरलेला हात धरून आपल्या पाठीवर नेला, खांद्याच्या हाडाखाली, जिथली सूज कधी पुरती उतरतच नसे. आईची बोटं तिथे थांबली. पेणची गाडी आत वळली, लोक उठून धावले. दोघी बसून राहिल्या.

"पुढच्या महिन्यात खांबला खेळ हाय," नूतन म्हणाली. "मी हरनार हाय. येशील?"

आईने तिच्या पाठीवरचा हात तसाच ठेवला.

"येईन," ती म्हणाली. "पन मी तिथं रडले तर मला गप नको करूस."