पीळ न पडलेलं वेटोळं

केतकी नोकरीसाठी नागपूरला गेली तेव्हा आमच्या एक्स्टेंशनची पिन सोबत घेऊन गेली, आणि पन्नास मीटरची वायर मिरजेपासून नागपूरपर्यंत पुरली. तिने पिन आपल्या खोलीतल्या भिंतीत खोचली. बोर्ड आमच्याकडे राहिला. शैलाचा मिक्सर तेव्हापासून लेकीच्या विजेवर चालतो.

वायर घरभर लोळत असे. एकदा शैला तिला अडखळली आणि वैतागून तिने अंगठा आणि कोपर यांत धरून वीसेक फेर गुंडाळले. संध्याकाळी केतकीचा फोन आला.

"अप्पा, मान डावीकडे वळलीय, सरळच होत नाही. आणि खिडकीतून वर्धा दिसतंय."

कोपरावर गुंडाळलं की पीळ पडणारच. मी तीस वर्षं मंडपवाल्यांच्या वायरी गुंडाळल्या. एक फेर सरळ, एक उलटा. मग टोक धरून वेटोळं फेकलं की वायर एकही गाठ न पडता शेवटपर्यंत उलगडते. हे मी दोघी मायलेकींना शंभरदा दाखवलंय, पण घरात माझं ऐकतं कोण. मी शैलाचे फेर सोडवले आणि नीट गुंडाळायला बसलो.

"मान सुटली का गं?"

"सुटली. पण आता नांदेड आलं."

"आणि ऑफिस?"

"ते नागपुरातच आहे. आज पोचेपर्यंत सगळे घरी निघाले होते. थांबा ना अप्पा. परवापर्यंत वेळेवर पोचले नाही तर काढून टाकतील."

शैला म्हणाली, "अहो, पोरीची नोकरी जाईल."

"वायर अर्धवट गुंडाळून ठेवू नये," मी म्हणालो. ते खरंच आहे. नांदेड ऐकून मला आनंद झाला होता, हेही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी लातूर गेलं, सोलापूर गेलं. प्रत्येक फेराबरोबर केतकीची खोलीही आखडत होती. आधी कॉट बाहेर पडली, मग टेबल. तिसऱ्या दिवशी सकाळी खोली आमच्या उंबऱ्याला येऊन टेकली तेव्हा ती कपाटाएवढी उरली होती आणि केतकी तिच्यात पिन मुठीत धरून उभी होती. ती बारीक झाली होती. वेटोळं अडकवायला भिंतीत ठोकलेल्या खिळ्याकडे मी पाहिलं. खिळा रिकामाच होता.

"अप्पा, वेटोळं नीट झालंय?"

"बघ की. कुठे पीळ आहे का?"

"मग फेकून दाखवा."

माझी इच्छा नव्हती. पण नीट केलेलं वेटोळं फेकायला घाबरला, असं माझ्याबद्दल आजवर कुणी म्हटलेलं नाही. मी बोर्ड डाव्या हातात घट्ट धरला आणि उजव्या हाताने वेटोळं फेकलं. कंपाउंडवरून, स्टेशनवरून वायर सरळ उलगडत गेली. एकही गाठ पडली नाही. उंबऱ्यापाशी कुणीच नव्हतं.

साडेनऊला फोन आला. "पोचले अप्पा. वेळेवर." ती हसत होती. "वायर इथेही फार लोळतेय. आवरून ठेवते."

शैलाने मिक्सर बंद केला. बोर्ड अजून माझ्या हातात होता, बोटं सुटत नव्हती. दारासमोरून सांगोला गेलं, मग सोलापूर. माझी मान हळूहळू डावीकडे वळू लागली.