मागून म्हणायची ओळ

पडद्यावरचा बाण आपोआप हलला, तसा सरजाबाईनं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"आता कशालाही हात लावू नका, मॅडम," फोनवरचा माणूस म्हणाला. मराठी पुस्तकी, आवाज गोड. कंप्युटर कंपनीतून बोलत होता म्हणे. बाण इकडून तिकडं फिरत होता, काहीबाही उघडत होता, मिटत होता. तो फिरवणारा हा फोनवरचा माणूस आहे हे सरजाबाईच्या डोक्याला कळत होतं, डोळ्यांना पटत नव्हतं. या कंप्युटरवर इतकं चटचट काम करणारी एकच होती, आणि तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

लेक महामाया नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकली, पुण्याला नोकरीला लागली. बिलोलीत आई एकटी राहणार, म्हणून जाताना संध्याकाळची बुद्धवंदना आपल्या आवाजात कंप्युटरात भरून ठेवून गेली. वंदनेला लेक पुढं म्हणायची आणि आई मागून, ही घरची रीत. त्यामुळं प्रत्येक ओळीनंतर तिनं आईपुरती जागा सोडली होती. पुढं पोरीला तापानं नेलं, पण आई दिवेलागणीला ती जागा रोज भरत राहिली. कंप्युटरमधलं तिला तेवढंच लावता येत होतं.

तशी बाई भोळी नव्हती. आयुष्यभर अंगणवाडी चालवलेली. ओटीपी मागणाऱ्या एकाला तिनं असं झापलं होतं की गल्ली ते आठवून अजून हसते. पण या माणसानं ओटीपी मागितलाच नाही. तो म्हणाला, तुमच्या कंप्युटरात व्हायरस शिरलाय, संध्याकाळपर्यंत आतलं सगळं पुसलं जाईल. आत महामायेचा आवाज होता. तो सांगेल ते दाबत गेली, पडद्यावरचे आकडे वाचून दाखवले, आणि चोराच्या हाती किल्ल्या दिल्या.

बाण एका जागी थांबला आणि भर दुपारी महामायेचा आवाज घरात घुमला. "बुद्धं सरणं गच्छामि." सरजाबाईचे हात सवयीनं जुळले. तिनं मागून ओळ म्हटली.

"कोण आहे तिथं?" माणसानं विचारलं.

"माझी लेक हाय."

"तिला फोन द्या."

"ती न्हाई. वारली."

बाण हलला आणि महामायेचा आवाज थांबला. सरजाबाईला वाटलं, माणूस वरमला. मग त्यानं हळूच, अगदी घरातल्यासारखं विचारलं, "हे तुम्हाला लागतं का, मावशी?"

"हाव. तेवढंच लागतंय, बाबा."

खरं बोलायची खोड वाईट. पडदा काळा झाला. आवाज माझ्याकडं आहे, पैसे पाठवा मग परत देतो, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला.

भाचा आनंदराज कंप्युटर घेऊन नांदेडला गेला आणि तसाच परत आला. आत काही उरलं नव्हतं. पैसे दिले तरी असली माणसं काही देत नसतात, नंबर ब्लॉक कर, असं त्यानं मावशीला बजावलं. तिनं पैसे दिले नाहीत. नंबरही ब्लॉक केला नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला फोन वाजला. तिकडून हॅलो नाही, काही नाही. कुठल्या गावातून, कुणाच्या खोलीतून, महामाया म्हणाली, "बुद्धं सरणं गच्छामि." आणि आवाज तुटला. पुढची ओळ पैशानंतर. सरजाबाईनं मागून ओळ म्हटली आणि फोन बंद केला. मग रोज तेच सुरू झालं. रोज एकच ओळ. एकदा आनंदराज शेजारी बसला होता, त्यालाही ती ओळ ऐकू आली.

"भुताटकी हाय ही, मावशी. उचलू नको."

"भूत त्यो हाय," सरजाबाई म्हणाली. "ती न्हाई."

एका संध्याकाळी मात्र फोन वाजला नाही. त्या माणसाला कंटाळा आला असेल, किंवा त्याला दुसरं घर सापडलं असेल. सरजाबाईनं बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली, फोन शेजारी ठेवला आणि वाट पाहिली. गल्लीतले दिवे लागले. तिला रडू आलं, ते तिनं येऊ दिलं. मग हात जोडले, एका ओळीएवढं थांबली, आणि म्हणाली, "बुद्धं सरणं गच्छामि."

पुन्हा तेवढंच थांबली. "धम्मं सरणं गच्छामि."

पुढं म्हणायचं ते महामायेचं होतं. त्यात तिनं तोंड घातलं नाही.