बंबसाहेब आणि जावयाचा रेडिएटर

कारखान्यात ते बॉयलर सांभाळायचे आणि हाताखालची माणसं पाठीमागे त्यांना बंबसाहेब म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. आता कारखाना सुटला होता, बायको गेली होती आणि बंबसाहेब लेकीच्या घरी राहायला आले होते. लेक सकाळीच ऑफिस गाठायची. मागे दोघेच उरायचे, सासरा आणि जावई.

जावई घरूनच काम करायचा. काम म्हणजे काय, तर चित्रातल्या सशाला नि अस्वलाला कॉम्प्युटरवर चालवायचं. बंबसाहेबांच्या लेखी हा धंदाच नव्हता, बालवाडीचा तास होता. त्यात तो कॉम्प्युटर काचेच्या पेटीतला, आत लाल-निळे दिवे लुकलुकणारा. पहिल्या दिवशी तो पाहून त्यांनी विचारलं होतं, "सर्कशीचा पहिला खेळ किती वाजता?" जावई मनापासून हसला होता. बंबसाहेबांना हसणारा जावई मुळीच खपत नव्हता. आपण टोमणा मारावा आणि समोरच्याने तो खाऊ समजून तोंडात टाकावा, यात मारणाऱ्याची काय इज्जत राहिली?

खरं दुखणं मात्र वेगळंच होतं. या घरात त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. कारखान्यात त्यांनी मान हलवल्याशिवाय वाफ सुटत नसे. इथे नळ गळला तर लेक फोन करून प्लंबर बोलवायची आणि फोन ठेवून वडिलांना विचारायची, "बाबा, चहा घेणार?" उभा जन्म आगीशी आणि पाण्याशी काढलेल्या माणसाला विचारायचं काय, तर चहा! एकदा, निदान एकदा तरी या घरात आपल्यावाचून कुणाचं अडावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण हे तोंडाने सांगायचं म्हणजे भीक मागणं. त्यापेक्षा नाक मुरडत बसणं त्यांना सोपं वाटायचं.

आणि एका सकाळी कॉम्प्युटर अडला. ससा पळता पळता जागच्या जागी थिजला, पडदा काळा झाला. असं दोन-तीनदा झाल्यावर जावयाने पेटी उघडली. बंबसाहेब हातातला पेपर टाकून दारात येऊन उभे राहिले.

"काय झालं यंत्रराजांना?"

"तापतोय, बाबा. याला थंड ठेवायला आत पाणी फिरत असतं. ते गरम पाणी या रेडिएटरमधून जातं आणि पंखे त्याच्यावर वारा मारतात. पण आत क्षार धरलाय वाटतं. मागच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर मिळालं नाही, म्हणून मी नळाचंच घातलं."

"नळाचं?" बंबसाहेबांनी हा शब्द असा उच्चारला, जणू जावयाने कुणाचा खिसाच कापला होता. "जावईबापू, बॉयलरमध्ये कच्चं पाणी घालणाऱ्याला आम्ही गेटाबाहेर काढायचो. पाण्यातला चुना नळीला आतून धरतो, मग उष्णता अडते. पाचवीतलं पोर सांगेल."

"चुकलंच," जावई म्हणाला. एवढ्या सहज चूक कबूल करणाऱ्याशी भांडायचं तरी कसं?

जावयाने रेडिएटर सोडवला. वहीएवढी काळी पट्टी, तिच्यात चपट्या नळ्या आणि नळ्यांच्या मध्ये पातळ पत्र्याच्या चुण्या. नळीच्या तोंडाशी पांढरी पपडी दिसत होती. ती पाहून बंबसाहेबांना गावाकडचा माणूस भेटल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांचा वैरी, लगेच ओळखला त्यांनी.

न्हाणीघरात बादली ठेवून जावयाने कोमट पाण्यात व्हिनेगर घातलं, ते रेडिएटरमध्ये भरलं आणि दोन्ही तोंडं बुचांनी बंद केली.

"हे काय? सॅलड करताय?"

"व्हिनेगर पुरतं, बाबा. हळूहळू सुटेल. जरा नाजूक असतो हा, म्हणून जोरकस काही..."

"नाजूक!" बंबसाहेबांनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "अ‍ॅसिडशिवाय चुना सुटल्याचं मी ऐकलेलं नाही. असल्या आंबट पाण्याने नुसते दात आंबतील."

जावई पुन्हा हसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. परवापर्यंत ससा धावला पाहिजे, असं कोणीतरी तिकडून ओरडत होतं. तो खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं.

बंबसाहेब न्हाणीघरात एकटे उरले. फडताळात फरशी धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली होती. त्यांनी स्वतःला फार वेळ अडवलं नाही. खिडकी उघडली, रबरी हातमोजे चढवले, व्हिनेगर ओतून टाकलं आणि पाण्यात बेताबेताने अ‍ॅसिड मिसळलं. हात जुन्या सवयीने चालत होते, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं. रेडिएटर कशाचा आहे, हे त्यांनी विचारलं नव्हतं. रेडिएटर म्हणजे तांबं नाहीतर पितळ, त्यात विचारायचं काय? आणि जावयाला विचारायचं?

अ‍ॅसिड आत जाताच फसफस सुरू झाली. नळीच्या तोंडातून पांढरा फेस उसळला. बंबसाहेबांचा चेहरा उजळला. चुन्याला अ‍ॅसिड भेटलं की असंच उकळतं. फेस थांबला की समजायचं, नळी साफ झाली. फेस काही थांबेना. उलट वाढतच चालला, करडा झाला, आणि हातातला रेडिएटर चांगलाच गरम लागू लागला.

"या, या, बघा!" त्यांनी तिथूनच हाक मारली. "किती घाण साठवली होतीत ते बघा! आमचा आख्खा बॉयलर एवढा फेसाळला नव्हता कधी!"

जावई फोन कानाला लावूनच धावत आला. त्याने बाटली पाहिली, फेस पाहिला. फोन बंद केला, सासऱ्यांच्या हातातून रेडिएटर काढून बादलीत बुडवला आणि नळ पूर्ण सोडला. मग बराच वेळ धुऊन झाल्यावर त्याने तो उचलून नळाखाली धरला. वरून गेलेलं पाणी चुण्यांमधून ठिकठिकाणी बारीक धारांनी बाहेर येऊ लागलं. चाळणी झाली होती.

"अ‍ॅल्युमिनियमचा होता, बाबा," जावई म्हणाला.

बंबसाहेबांना सगळं कळलं. अ‍ॅसिडात अ‍ॅल्युमिनियम कसं विरघळतं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनीच ते नव्या पोरांना शिकवलं होतं. चुना केव्हाच संपला होता आणि ते धातू उकळताना पाहून खूश होत होते. परवा काम द्यायचं असलेला हा माणूस आता ओरडेल, निदान एखादा शब्द तरी टाकेल, म्हणून ते ताठ उभे राहिले. उलट उत्तरही तयार ठेवलं. जावयाने फक्त त्यांचे हात उलटसुलट करून पाहिले, कुठे भाजलंय का ते.

संध्याकाळी लेक आली. जेवताना तिने विचारलं, "दुरुस्त झाला का रे?"

"नाही ना," जावई म्हणाला. "धुताना माझ्या हातून वाट लागली रेडिएटरची. उद्या मित्राकडे जाऊन काम उरकतो."

बंबसाहेबांचा घास हातातच राहिला. खोटं बोलला होता, आणि किती सहज! आता आपण बोलायचं, त्यांनी ठरवलं. तोंड उघडलंही.

पण लेक आधी कडाडली. "तुझ्या हातून? अरे, घरात बॉयलरवाला माणूस बसलाय! क्षार काढण्यात त्यांचा जन्म गेला. तोंड उघडून एकदा विचारायला काय झालं होतं तुला? बाबा, तुम्ही तरी सांगायचंत ना याला!"

ज्या मानासाठी जीव तळमळत होता, तो हा असा ताटात येऊन पडला. जावई खाली बघून भात कालवत होता. नाकारायला एकच वाक्य पुरलं असतं, आणि ते बंबसाहेबांच्या ओठांवर होतं. पण जन्मभराची जीभ त्यांच्याआधी धावली.

"मला कोण विचारतंय इथे!"

"यापुढे विचारेल," लेक म्हणाली. "नवा आणलास ना, की बाबा सांगतील तसंच करायचं. कळलं?"

"हो. बाबा सांगतील तसं करू."

बंबसाहेबांनी त्या आवाजात टोमणा शोधला. टोमण्यातलं त्यांना सगळं कळत होतं, कुजका असो की गोड, लांबून वास यायचा. तिळाएवढा जरी सापडला असता, तरी ते त्याच्यावर चिडले असते आणि सुटले असते. तो नव्हताच. लेकीने आपुलकीने त्यांना आणखी वाढलं, आणि बंबसाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. ती लाज घेऊनच ते मान खाली घालून जेवत राहिले.